यात्रेची पट्टी, गिरणी आणि आमचं घर

मलप्रभाकाठ

नमस्कार. सहा-सात वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव खानापूर तालुक्यात. गावात ख्रिस्ती घरं तीन, त्यातलं एक आमचं. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला, म्हणजे मी तिसरी पिढी. येत्या उन्हाळ्यात गावात लक्ष्मीची यात्रा भरणार आहे, बावीस वर्षांनी. बेळगाव-खानापूरकडच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्याकडे ही यात्रा दरवर्षी नसते. गाव ठरवतं तेव्हा होते, मग देवी गदगेवर म्हणजे तिच्या आसनावर बसते, भंडारा उधळत होन्नाट खेळतात, घरटी शंभर-दोनशे पाहुणे जेवतात आणि शेवटी देवी सीमेला जाते. त्याआधी काही आठवडे वार पाळायचे, त्या दिवशी शेतात औत धरायचं नाही. खर्चाला घरटी पट्टी.

मागच्या यात्रेच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो. बाबा पंचांना म्हणाले, रस्ता, पाणी, मांडव, दिवाबत्ती, यात माझा वाटा घ्या, वाटल्यास जास्त घ्या. बकऱ्याला आणि ओटीला माझे पैसे नकोत. पंचांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं घर गावाला दिसेनासं झालं.

कुणी मारलं नाही. दगड आला नाही. मजुरीचं बोलावणं बंद झालं. डेअरीत आमच्याच दुधाला फॅट लागेना. आणि गिरणी बंद. आई जोंधळे डोक्यावर घेऊन चार किलोमीटरवरच्या गावात दळायला जायची, जाऊन-येऊन निम्मा दिवस. दोन-तीन आठवड्यांनी एका रात्री गोठ्याच्या बाजूनं कुणीतरी हाक मारली. गिरणीवाला. काही बोलला नाही, डबा उचलून घेऊन गेला. पट्टा घसरलाय, दुरुस्त करायचाय, असं निमित्त काढून तो रात्री उशिरा गिरणी चालवायचा आणि त्यात आमचं दळून टाकायचा. डबा पहाटे गोठ्यात ठेवलेला असायचा. पहिल्या पहाटे बाबांनी झाकण काढून पिठात मनगटापर्यंत हात घातला. पीठ अजून गरम होतं. ते तसेच हात आत ठेवून किती वेळ बसून राहिले.

हे सगळं किती दिवस? पाऊस लागेपर्यंत. रोपलावणीला माणसं कमी पडली, तसं बोलावणं आलं. विषय कुणी काढला नाही, आम्हीही नाही.

आता बाबा नाहीत. मी बेळगावात, गावात थोरला भाऊ, वहिनी, आई, दोन मुलं आणि दोन म्हशी. परवा भावाचा फोन आला, "पट्टी भरून टाकू काय रे?" मला उत्तर सुचलं नाही. नको म्हणायला माझं काय जातं, मी इथं टिळकवाडीत. भरली तर बाबांची ती पहाट आठवते. न भरणं हा विश्वास, की नुसता बाबांचा इरेसरपणा पुढे चालवणं? जाणत्यांनी सांगावं. कुणाच्याही देवाधर्माची टिंगल नको, ही विनंती.

कॅम्पातली

गिरणीवाल्याचं वाचून थांबले. बाकी नंतर लिहिते.

शिवारातला

मी हिंदू, मराठा, येळ्ळूर बाजूचा. दुसरी बाजू मांडू काय? टिंगल करणार नाही, पण गोड गोडही लिहिणार नाही.

यात्रा ही नुसती पूजा नव्हे हो. ती गावकी आहे. माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला गेलेली पोरं येतात, भांडलेले भाऊ एका मांडवात बसतात. त्यात एक घर बाजूला झालं की गावाला वाटतं, हे आता आमचे राहिले नाहीत. राग देवीचा नसतो, माणसांचा असतो. गिरणी बंद केली ते चूकच, त्याला मी काही पांघरूण घालत नाही.

पण दुसरंही सांगतो. हल्ली काही नवे प्रार्थनावाले येतात, माईक लावून आमच्या देवीला सैतान म्हणतात. माझ्या कानानं ऐकलंय. तुमच्या बाबांसारखा माणूस आणि हा माईकवाला, गावाला फरक करता येत नाही. मार मात्र तुमच्या बाबांसारख्यांनाच बसतो.

पाळकांची_लेक

शिवारातलादादा, माईकवाल्यांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात हेच आहे. ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका. पण चोर म्हणून, किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसावं लागू नये. म्हणजे 'ढवळाढवळ' चोरीच्या पंगतीत बसवलीय. माझे वडील हे वचन वाचायचे तेव्हा चर्चच्या मंडळीतले दोघं-तिघं खाली बघायचे.

आता मलप्रभाकाठ. तुम्ही ज्या मातीत राहता तिथं हे नवीन नाही. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले, कासाराच्या घरात. लंडन मिशन इथं १८२० मध्ये आलेलं, त्यांच्या शाळेत ते शिकले. १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जी सांगतात ती १८५७ ची, विधवांच्या हालांवरची, ती यांचीच. पण बाप्तिस्म्यानंतर घर तुटलं, पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. कवी ना. वा. टिळकांचंही तेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षं वेगळ्या, आज या नातेवाइकांकडे, उद्या त्या.

इथं माझं एक जुनं दुखणं आहे. साक्ष म्हणून आपण टिळकांचं नाव घेतो. लक्ष्मीबाईंनी सोसलं ते कुणाच्या खात्यात? त्यांनी तर त्या वेळी काहीच निवडलेलं नव्हतं. तुमच्या गोष्टीतही बघा. 'नाही' बाबांनी म्हटलं, जोंधळे आईच्या डोक्यावर आले. भावानं वहिनींना विचारलंय का? पुन्हा गिरणी बंद झाली तर डबा कोण उचलणार आहे?

मलप्रभाकाठ

ताई, खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

दाखलेवाला

कायद्याचं थोडं. तालुका कोर्टात बसतो, म्हणून.

पट्टी ऐच्छिक असते, कुणी सक्तीनं वसूल करू शकत नाही. प्रार्थना चालू असताना मुद्दाम व्यत्यय आणणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. दफनभूमीत घुसून विटंबना केली तर कलम ३०१. चंदगड-गडहिंग्लजला असता तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा हाताशी होता; तो हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकात, लागू नाही. आपल्या नशिबाला ही हद्द कुठं-कुठं आडवी येते बघा.

कर्नाटकच्या धर्मांतराच्या कायद्याचीही लोकांना धास्ती असते. ते विधेयक २३ डिसेंबर २०२१ ला विधानसभेत मंजूर झालं, तेही आपल्याच हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात. मे २०२२ मध्ये वटहुकूम, सप्टेंबरअखेर कायदा. त्यात धर्म बदलणाऱ्यानं तीस दिवस आधी अर्ज द्यायचा, शिक्षा तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. काही असो, तुमचा याच्याशी संबंध नाही. तीन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरानं घरात प्रार्थना केली तर ते धर्मांतर नव्हे. पंचाईत अशी की जमावाला कलमं पाठ नसतात.

कॅम्पातली

त्या डिसेंबरचं लिहायचं होतं. आम्ही कॅथलिक, पणजोबा गोव्याहून आलेले. आम्हाला कधी कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलं नव्हतं. २०२१ च्या त्या नाताळाच्या आधी मात्र मिस्साला जाताना फाटकाशी थांबून मागे बघायची सवय लागली. माझी सासू, वय ऐंशीच्या पुढे, जपमाळ पदराखाली लपवून रिक्षात बसली. मी म्हटलं, आई, लपवता कशाला, सगळी गल्ली तुम्हाला ओळखते. म्हणाल्या, "गल्ली ओळखते गं, रिक्षावाला नवीन आहे." मी हसले. रात्री झोप लागली नाही.

पण शेजारच्या मराठा काकूंनी त्याही नाताळाला करंज्या घेतल्या आणि करंज्याच परत पाठवल्या. दोन्ही खरं आहे. एकच सांगितलं तर खोटं होईल.

अनामिक_निपाणी

हा आयडी आजच काढलाय, हे लिहून झालं की बंद करणार.

आई विड्या वळते. मी शिकलो, सरकारी नोकरीत लागलो, अनुसूचित जातीच्या दाखल्यावर. बाप्तिस्मा घेतलाय, पण कागदावर हिंदू. रविवारी दुसऱ्या गावच्या मंडळीत जातो, मागच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, ताट आलं की पुढे सरकवतो. पाळकांनी एकदा विचारलं, मी म्हटलं पोट बरं नाही. आठ वर्षं माझं पोट बरं नाही.

तुमचे बाबा पंचांसमोर बोलले. मला एका कारकुनासमोर बोलता आलं नाही. जोंधळे चार किलोमीटर नेणं मला जमलं असतं असं वाटतं. घर विड्यांवर परत नेणं जमत नाही.

दाखलेवाला

भाऊ, रागावून नाही, माहिती म्हणून लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. या प्रश्नासाठी २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की प्रत्यक्ष ख्रिस्ती आचरण ठेवून नोकरीसाठी हा दर्जा मागणं ही घटनेशीच फसवणूक आहे. तेव्हा जपून. वकिलाला समोरासमोर भेटा, इथं आणखी तपशील लिहू नका.

शिवारातला

मला एक कळत नाही. बाप्तिस्मा घेतल्यावर गावानं त्याला वेगळ्या कपातला चहा देणं थांबवलं काय? नाही ना? मग दाखला तरी का थांबावा?

पाळकांची_लेक

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. आमच्या मंडळीतही तो धड विचारत नाहीत, कारण कप आमच्यातही वेगळे असतात, कधी कधी.

अनामिक, तुम्ही गेला नसाल अशी आशा. तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट, दाखल्याचीच.

इसवी सन २५० मध्ये रोमचा सम्राट देकियस यानं हुकूम काढला: प्रत्येकानं देवांना बळी अर्पण करायचा, प्रसाद खायचा, आणि तसा दाखला अधिकाऱ्याकडून घ्यायचा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडलेत, चाळीसहून जास्त. अमुक गावचा अमुक, मी नेहमीच बळी देत आलोय, आताही तुमच्यासमोर दिला, कृपया सही करावी. अगदी आपल्या तहसील कचेरीतला अर्ज. काही ख्रिस्ती तुरुंगात गेले, काहींनी बळी दिला. आणि तिसरे काही असे की त्यांनी बळी दिला नाही, पैसे चारून नुसता कागद मिळवला.

छळ थांबल्यावर हे सगळे मंडळीच्या दारात आले. कडक लोक म्हणाले, यांना कायमचं बाहेर ठेवा. सैल लोक म्हणाले, झालं गेलं विसरा, आजच भोजन द्या. कार्थेजचा बिशप सिप्रियन दोघांनाही नाही म्हणाला. २५१ च्या सभेत ठरलं की एकेकाचं वेगळं बघायचं. ज्यानं नुसता कागद घेतला आणि ज्यानं बळी दिला, त्यांना एका मापानं मोजायचं नाही. पश्चात्ताप, वेळ, आणि मग परत आत. बायकापोरांना वाचवायला कुणी केलं, तेही बघितलं गेलं. आणि सिप्रियन स्वतः? त्या छळात तो लपून बसला होता. लोक त्याला पळपुटा म्हणाले. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा असं येशूनंच सांगितलंय, पण ते कोण ऐकून घेतो. पुढे २५८ मध्ये वालेरियन सम्राटाच्या वेळी तोच सिप्रियन पळाला नाही. त्याचं डोकं उडवलं.

तुमचा कागद म्हणजे तो कागद नव्हे, हे मला कळतं. रोमन दाखला सांगत होता की मी बळी दिलाय. तुमचा दाखला तुमच्या आजोबांना विहिरीवर चढू दिलं नाही हे सांगतो, आणि ते खरंच आहे. खोटा त्यावरचा एकच शब्द. तो शब्द कधी, कसा बदलायचा हे मी सांगणार नाही, माझी नोकरी पणाला लागलेली नाही. एवढंच म्हणते की पोट बरं नाही असं पुन्हा सांगू नका. पाळकांना खरं काय ते सांगा. आठ वर्षं एकट्यानं वाहिलंत.

अनामिक_निपाणी

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. आयडी तूर्त बंद करत नाही.

काळी_माती

मला हे पटलेलं नाही. दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघं राजाला म्हणाले, देव आम्हाला आगीच्या भट्टीतून सोडवील, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यात 'कागदापुरतं', 'मांडवापुरतं' असलं काही आहे काय? एकदा पट्टी भरली की पुढच्या यात्रेला ओटी.

कॅम्पातली

आणि नामान? अरामी सेनापती, कुष्ठरोगातून बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा काय म्हणाला? शांतीनं जा. बस्स. भाषण नाही.

काळी_माती

नामान नुकताच विश्वासात आला होता. ही तिसरी पिढी आहे. फरक आहे की नाही?

मलप्रभाकाठ

चार दिवस गावात होतो. सांगतो काय झालं ते.

आधी आई. तिला विचारलं, त्या वेळी तुला काय वाटलं होतं. भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "त्या वेळी मला कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मीबी पट्टीला न्हाईच म्हटलं असतं. पण इचारायला पायजे होतं." एवढंच. वहिनी म्हणाली, गिरणीचं काय सांगता भाऊजी, मी पिशवीतलं पीठ आणीन. पण थोरलीचं लग्न ठरायचंय आणि त्यात गाव हवं. मग तिनं आणि आईनं मिळून ठरवलं, आम्ही दोघं भाऊ मान डोलवत होतो.

भाऊ आणि मी पंचांकडे गेलो. पट्टीची पूर्ण रक्कम ठेवली आणि म्हटलं, पावतीवर पाणी आणि मांडव असं लिहा. वार आम्ही पाळणार नाही, पण त्या दिवशी औतही धरणार नाही, शेजाऱ्यांना खुपेल असं काही करायचं नाही. एक तरुण पंच हसला, "मग फरक काय राहिला?" मला नीट सांगता आलं नाही. भाऊ म्हणाला, "मला म्हाईत हाय फरक. तुला दिसायला पायजेच असं न्हाई." जुन्या पंचांनी पावती फाडली, 'पाणी व मांडव' लिहून. तरुण पंच उठून बाहेर गेला. पावती आईनं बायबलात ठेवली.

येताना गिरणीपाशी थांबलो. आता मुलगा चालवतो, म्हातारे कट्ट्यावर असतात, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं नाव सांगितलं. हात धरून म्हणाले, "पट्टा घसरायचा बघ त्या वेळी." त्यांना अजून तेच सांगायचं होतं.

सगळं गोड झालेलं नाही. काल भावाचा फोन होता, या आठवड्यात दुधाला फॅट पुन्हा कमी लागलंय. दोन दिवस बघतो म्हणाला.

काळी_माती, तुमचा प्रश्न मनातून गेलेला नाही. पुढच्या यात्रेला माझा पुतण्या पंचांसमोर असेल.

दाखलेवाला

दुधाची दुसऱ्या डेअरीतून तपासणी करून लेखी घ्या. दोन्ही पावत्या जपून ठेवा. तक्रार करा असं म्हणत नाही, कागद असू द्या.

काळी_माती

पावती बायबलात ठेवली हे वाचून गप्प बसलो. मत बदललेलं नाही. तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय.

शिवारातला

आमच्या गावची यात्रा वैशाखात आहे. जेवायला या सगळे. बकरी दोन कापणार आहे, एक देवीचं आणि एक नुसतंच. तुमचं ताट दुसऱ्यातलं. बायकोला सांगून ठेवलंय, ती विचारत होती दोन चुली कशाला, मी म्हटलं मोठा धागा आहे, नंतर सांगतो. किती माणसं ते कळवा.

मलप्रभाकाठ

सहा, आई धरून. तिला तिखट कमी.